मुलीला माहेरी आणू नका, तुम्हीच तिच्याकडे जा

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात असते. पहिलटकरीण आहे, एकतीस आठवडे झाले आहेत. मागच्या तपासणीत तिचा रक्तदाब १४४/९४ निघाला. दवाखान्यातच थांबवून चार तासांनी पुन्हा मोजला, तर १४६/९२. लघवीत प्रोटीन ‘दोन प्लस’ आहे. डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्प्सिया असे लिहिले असून लॅबेटॅलॉलची गोळी दिली आहे, आठवड्यातून दोनदा बोलावले आहे आणि ‘वेळ पडली तर लवकर बाळंतपण करावे लागेल’ असे सांगितले आहे. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. आम्ही दापोली तालुक्यात राहतो. डोहाळजेवणाचा दिवस ठरला आहे, पाहुण्यांना सांगून झाले आहे आणि त्यानंतर ती इथेच राहणार होती. विहीणबाई म्हणतात की गोळीने बाळाला अपाय होईल, मीठ बंद केले की दाब आपोआप उतरेल. माझ्याही वेळी पायांना सूज होती, आठव्यात दाब वाढला होता, पण काही झाले नाही. डॉक्टर घाबरवून सिझेरियन तर करायला बघत नाहीत ना? तिला आणावे की नाही? बाकी तिची तब्येत बरी आहे, फक्त दोन दिवसांपासून डोके दुखते आहे, पित्त असावे.
– एक आई, ता. दापोली

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिले होते. रक्तदाब वाढलेल्या आणि लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या गर्भवतीचे डोके दोन दिवस दुखत असेल, तर त्याचे उत्तर छापून येईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून त्याच दिवशी तुम्हाला फोन केला. तुम्ही लगेच जावयांना कळवलेत, मुलीला रात्रीच रुग्णालयात दाखवले गेले, दाब १५०/९८ होता, रक्ताच्या चाचण्या ठीक आल्या, गोळीचा डोस वाढवला आणि दोन दिवस ठेवून घेऊन तिला घरी सोडले, हे तुम्ही नंतर कळवलेत. ते बरे झाले. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे आता सविस्तर देते, कारण असेच पत्र उद्या आणखी कोणी आई लिहील.

आधी निर्णय सांगते आणि मग त्याची कारणे. मुलीला दापोलीला आणू नका. डोहाळजेवण हवे असेल तर पुण्यात, तिच्या घरी, चार माणसांत करा आणि त्यानंतर तुम्हीच तिच्याकडे राहायला जा. माहेरपण म्हणजे आईचा हात आणि आईच्या हातचे जेवण असेल, तर ते पुण्याच्या फ्लॅटमध्येही मिळते. रक्तपेढी, चोवीस तास भूलतज्ज्ञ आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी अतिदक्षता विभाग या गोष्टी मात्र तुम्हाला गावी नेता येणार नाहीत.

हा आजार दबा धरून बसणारा आहे. वीस आठवड्यांनंतर, आधी दाब नसलेल्या स्त्रीचा रक्तदाब किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला आणि त्यासोबत लघवीतून प्रोटीन जाऊ लागले, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातील प्लेटलेट पेशी, मेंदू यांवर परिणाम दिसू लागला, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी तिला चार तास बसवून ठेवले ते याचसाठी. तो वेळकाढूपणा नव्हता. शंभर गर्भवतींपैकी साधारण दोन ते आठ जणींना हा आजार होतो आणि त्यांतल्या बहुतेकींचे बाळंतपण योग्य देखरेखीखाली सुखरूप पार पडते. मात्र तो कोणत्या वेगाने पुढे जाईल हे आधी सांगता येत नाही. काही जणींचा दाब महिनाभर १४५ च्या आसपास स्थिर राहतो, तर काही जणींचा सकाळी १४६ असलेला दाब रात्री १७० होतो. दाब १६०/११० वर गेला आणि तसाच राहिला, की मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा होतो आणि तो अर्ध्या ते एका तासात औषधाने खाली आणायला सुरुवात व्हावी लागते. दापोलीहून पुण्याला यायला घाटरस्त्याने पाच-सहा तास लागतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे मी एवढे आग्रहाने का सांगते आहे ते लक्षात येईल. तुमच्या गावाजवळचे डॉक्टर अनुभवी असतील, मनाने चांगले असतील, पण इथे प्रश्न त्यांच्या हुशारीचा नसून अंतराचा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या रूढीत नकळत घडते. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, म्हणजे नेमक्या ज्या काळात हा आजार डोके वर काढतो त्याच काळात तिचा डॉक्टर बदलतो. जुन्या डॉक्टरांना तिचा पहिल्या महिन्यांतला दाब १००/६० होता हे ठाऊक असते. नव्या डॉक्टरांपुढे ती १३६/८६ घेऊन येते आणि फाईल सासरी कपाटात राहिलेली असते. आधीचे आकडे समोर असते तर हा चढ डोळ्यांत भरला असता, ते नसल्याने ‘दाब ठीक आहे’ असे म्हटले जाते. म्हणून ज्या घरांत मुलीला खरोखरच माहेरी न्यायचे आहे आणि दाबाचा काही त्रास नाही, त्यांनीही सोनोग्राफीचे अहवाल, रक्ताचे रिपोर्ट आणि माता व बाल संरक्षण कार्ड ओटीच्या साडीबरोबर पिशवीत आधी घालावे.

आता हा आजार होतो कशाने, ते थोडक्यात सांगते, कारण त्यावरून घरात दोषारोप होतात. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते आणि तिथल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्या रुंद होतात, म्हणजे बाळाकडे भरपूर रक्त जाऊ शकते. काही जणींत हे रुंदावणे अपुरे राहते. वारेला रक्त कमी पडू लागले की तिच्यातून काही द्रव्ये आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या सर्व रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवतात. त्यामुळे दाब चढतो, मूत्रपिंडातून प्रोटीन गळते, यकृताला सूज येते, डोळ्यांपुढे चमकते आणि शेवटी मेंदू चिडून झटके येतात. म्हणजे ज्याला आपण ‘बीपी’ म्हणतो ते या आजाराचे फक्त एक दृश्य टोक आहे, आणि मूळ वारेत असल्यामुळे बाळ व वार बाहेर येईपर्यंत तो पूर्ण बरा होत नाही. मुलीने नोकरी चालू ठेवली, लॅपटॉपवर बसली, दुचाकीवरून गेली, चिडचिड केली म्हणून हा आजार झालेला नाही. ॲलिसन फेलिक्स या अमेरिकन धावपटूला २०१८ मध्ये गंभीर प्रीएक्लॅम्प्सिया झाला आणि बत्तिसाव्या आठवड्यात तातडीचे सिझेरियन करावे लागले. तिची मुलगी अतिदक्षता विभागातून सुखरूप घरी आली आणि फेलिक्सने २०२१ मध्ये टोकियोला पुन्हा ऑलिंपिक पदके जिंकली. रिओ ऑलिंपिकमध्ये तिच्यासोबत रिले धावून सुवर्ण जिंकणारी टोरी बोवी मात्र २०२३ मध्ये आठव्या महिन्याच्या सुमारास घरी मृतावस्थेत आढळली, आणि शवचिकित्सेच्या अहवालात संभाव्य कारणांमध्ये एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे या आजारात येणाऱ्या झटक्यांचा, उल्लेख होता. जगातल्या सर्वांत धडधाकट स्त्रियांनाही जो आजार गाठतो, त्यासाठी पुण्यातल्या एखाद्या मुलीच्या कामाच्या वेळा कारणीभूत धरणे अन्यायाचे आहे.

ज्या गोष्टींनी शक्यता वाढते त्यांत पहिले गर्भारपण, जुळी, आधीपासूनचा रक्तदाब किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, जास्त वजन, पस्तीस-चाळिशीनंतरचे गर्भारपण आणि आई किंवा बहिणीला झालेला हाच त्रास येतो. यांतली शेवटची बाब तुमच्या पत्रातच आहे. ‘माझ्याही वेळी दाब वाढला होता, पण काही झाले नाही’ या वाक्यातला ‘पण’ तुम्हाला धीर देतो. मला त्याच वाक्यात धोक्याची नोंद दिसते आणि ती मुलीच्या डॉक्टरांना सांगितली गेली आहे का, हे विचारावेसे वाटते. तुम्ही सुखरूप सुटलात याचा आनंद आहे, मात्र त्यावरून मुलीचेही तसेच होईल असे ठरत नाही. ज्या स्त्रियांना गर्भारपणात हा त्रास झालेला असतो, त्यांना पुढे आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, तेव्हा पुण्याला जाल तेव्हा तुमचाही दाब मोजून घ्या.

विहीणबाईंच्या दोन म्हणण्यांपैकी मिठाबद्दल आधी बोलू. सर्वसाधारण उच्च रक्तदाबात मीठ कमी करण्याचा उपयोग होतो, यात शंका नाही. प्रीएक्लॅम्प्सियावर मात्र मीठ तोडल्याने इलाज होत नाही, आणि आधीच अन्नावरची वासना गेलेल्या गर्भवतीसमोर अळणी भाजी ठेवली की ती दोन घास कमी खाते, एवढाच त्याचा परिणाम होतो. लोणची, पापड, फरसाण आवरते घ्यावे, घरचे जेवण नेहमीच्या चवीचे असावे. चोवीस तास पलंगावर झोपवून ठेवण्याचाही उपयोग सिद्ध झालेला नाही. उलट सतत पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. दगदग नको, दुपारी आडवे व्हावे, घरातल्या घरात हिंडावे.

गोळीबद्दल मात्र मी विहीणबाईंशी स्पष्टपणे असहमत आहे. गर्भारपणात वापरायच्या दाबाच्या गोळ्या वेगळ्या आहेत आणि त्या अनेक वर्षे वापरात आहेत: लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथाइलडोपा. या तिघींची तुलना करणारा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच नागपुरात, दोन सरकारी रुग्णालयांत, २०१५ ते २०१७ या काळात झाला आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अतिशय वाढलेला दाब असलेल्या ८९४ गर्भवतींना यांपैकी एकेक औषध तोंडाने देण्यात आले आणि सहा तासांच्या आत, काही विपरीत न घडता, निफेडिपिन घेणाऱ्यांपैकी ८४ टक्के, लॅबेटॅलॉल घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के आणि मिथाइलडोपा घेणाऱ्यांपैकी ७६ टक्के जणींचा दाब आटोक्यात आला. बाळाला खरा अपाय ज्या गोळ्यांनी होऊ शकतो त्या निराळ्या, उदाहरणार्थ एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन. या गोळ्या घरातल्या मोठ्या माणसांना दाबासाठी सर्रास दिलेल्या असतात. सासऱ्यांच्या डब्यातली ‘बीपीचीच आहे’ म्हणून एखादी गोळी सुनेला देण्याचा प्रकार घडतो, तो कृपा करून कोणीही करू नये. मुलीला दम्याचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण लॅबेटॅलॉल दम्यात चालत नाही. आणि दाब नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. गोळीने आईच्या मेंदूचे रक्षण होते, पण आजार आतून चालूच राहतो, म्हणून आकडा चांगला दिसला तरी रक्त, लघवी आणि बाळाची वाढ यांच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत.

दाब घरी मोजण्याचे यंत्र घ्या असे सुचवते, कारण आठवड्यातून दोनदा केलेल्या मोजणीच्या मधल्या दिवसांत काय चालले आहे ते त्यानेच कळते. दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे, मनगटाचे नको, आणि पहिल्यांदा ते रुग्णालयात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहावे. लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटे खुर्चीत शांत बसायचे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही; दंड उघडा, बाहीवरून पट्टा नाही; हात टेबलावर अशा उंचीवर की पट्टा छातीच्या पातळीत येईल; मोजताना बोलायचे नाही, म्हणजे तुम्हीही तिच्याशी बोलायचे नाही. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहायचे. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या बाजूच्या हातावर पट्टा बांधला तर आकडा खोटा कमी येतो, आणि दंड जाड असताना लहान पट्टा वापरला तर खोटा जास्त येतो. घाबरवणारा आकडा आला की तो न आवडून चार-पाचदा मोजत बसणे आणि त्यांतला सर्वांत कमी वहीत लिहिणे हा मनुष्यस्वभाव आहे. तसे होऊ देऊ नका. १५०/१०० किंवा पुढे गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि १६०/११० आला तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजून तसाच असेल तर थेट रुग्णालय, वेळ कोणतीही असो. आकडा कमी असूनही खालीलपैकी काही होत असेल तर यंत्रावर विसंबू नका.

कारण या आजाराची धोक्याची लक्षणे आपल्या घरांत ज्याला आपण पित्त म्हणतो त्याच्यासारखीच हुबेहूब असतात. डोके ठणकणे, मळमळ, उलटी, छातीच्या खाली मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे. यांवर आले-लिंबाचा रस, सोडा, अॅसिडिटीची गोळी असे उपाय होतात आणि एक रात्र निघून जाते. ही दुखणी कधी कधी यकृताला आलेल्या सुजेची असतात. तिच्या जोडीला तांबड्या पेशी फुटू लागल्या आणि प्लेटलेट घटू लागल्या, की त्या गुंतागुंतीला हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि त्यात दाब फारसा वाढलेला नसतानाही आईची प्रकृती काही तासांत ढासळू शकते. त्यामुळे वीस आठवड्यांनंतर, विशेषतः दाब असलेल्या गर्भवतीला, ‘पित्त’ हे निदान घरात कोणी करू नये. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा आणि हात एकदम सुजणे, एका आठवड्यात झरझर वजन वाढणे, लघवी कमी होणे, आडवे पडल्यावर दम लागणे, अंगावरून रक्त जाणे आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणे, यांपैकी एक जरी असले तरी जावे. पायांवरची संध्याकाळची सूज बहुतेक गर्भवतींना येते आणि एकटी असेल तर तिचे फारसे भय नाही. अंगठी बोटातून निघेनाशी झाली किंवा सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले दिसले, तर ती वेगळी गोष्ट आहे.

तरीही झटका आलाच, तर तिला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये आणि १०८ ला फोन करून ‘गर्भवती आहे, दाब आहे, झटका आला आहे’ ही तिन्ही वाक्ये सांगावीत. या अवस्थेवरचे औषध मॅग्नेशियम सल्फेट हे जुने आणि स्वस्त आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. प्राथमिक आरोग्य केंद्रातही त्याचा पहिला डोस देऊन रुग्णाला पुढे पाठवता येते, म्हणून खेड्यात असा प्रसंग आला तर मोठ्या रुग्णालयाकडे सुसाट निघण्यापूर्वी वाटेतल्या आरोग्य केंद्रात थांबून हे इंजेक्शन मिळते का ते विचारावे.

आता सिझेरियनच्या शंकेबद्दल. ती शंका तुम्हाला आली यात मी तुम्हाला दोष देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले, आणि एवढी सिझेरियन वैद्यकीय कारणांनी लागतात असे माझ्या व्यवसायातले कोणीही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरांनी ‘सिझेरियन’ म्हटलेले नाही, ‘लवकर बाळंतपण’ म्हटले आहे, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत. आजार सौम्य राहिला तर साधारणपणे सदतीस आठवडे पूर्ण होईपर्यंत थांबतात आणि मग कळा आणतात. गंभीर लक्षणे असतील पण आई व बाळ स्थिर असतील, तर रुग्णालयात ठेवून चौतीस आठवड्यांपर्यंत वेळ काढण्याचा प्रयत्न होतो; प्रकृती ढासळत असेल तर दिवस न मोजता बाळंतपण करावे लागते. कळा आणून नैसर्गिक प्रसूती व्हायला दाब ही आडकाठी नाही. सिझेरियन लागेल की नाही हे गर्भाशयाचे मुख किती तयार आहे, बाळाचे ठोके कसे आहेत आणि हाताशी किती वेळ आहे यांवर ठरते. चौतीस आठवड्यांपूर्वी बाळंतपण होण्याची चिन्हे असतील तर बाळाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांचा पूर्ण उपयोग व्हायला साधारण एक-दोन दिवस मिळावे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला त्यांचा मोठा आधार असतो, तेव्हा ‘स्टेरॉइड’ शब्दाला बिचकून नकार देऊ नका.

शंका मनात ठेवून डॉक्टर बदलत राहण्यापेक्षा त्यांना आकडे विचारा: आजच्या प्लेटलेट किती, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन किती, यकृताच्या चाचण्या कशा आहेत, बाळाचे वजन दिवसांच्या मानाने आहे का, डॉप्लर तपासणीत नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे, आणि कोणत्या कारणाने तुम्ही बाळंतपण आधी कराल. जो डॉक्टर ही उत्तरे शांतपणे देतो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. रात्री-अपरात्री बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ येतात का, बाळाला ठेवायची सोय तिथेच आहे का, हेही विचारा. प्रसूती एकीकडे आणि बाळ रुग्णवाहिकेतून दुसरीकडे अशी धावपळ टाळता आली तर टाळावी. खर्चाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच, कारण खासगी अतिदक्षता विभागात बाळाचे काही आठवडे कुटुंबाला कर्जात लोटू शकतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत. पुण्यात ससून रुग्णालय आहे. तिथली गर्दी आणि गैरसोय मी नाकारत नाही, पण गुंतागुंतीची बाळंतपणे तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. त्यामुळे पर्याय म्हणून तिचे नाव तिथे आताच नोंदवून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

विहीणबाईंना हे कसे सांगावे, असा प्रश्न तुमच्या पत्रात ओळींच्या मागे दिसतो. ‘डॉक्टर म्हणतात तुम्ही चुकता’ असे सांगू नका. त्यांना एकदा मुलीबरोबर तपासणीला न्या. लघवीत बुडवलेली पट्टी पिवळ्याची हिरवी होताना आणि बाटलीवरच्या रंगांशी ती ताडून ‘दोन प्लस’ ठरताना त्या स्वतः पाहतील, तर तुमच्या शब्दांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. शिवाय वहीत आकडे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. काळजी करणाऱ्या माणसाला नेमके काम दिले की उपदेश कमी होतात, असे माझे निरीक्षण आहे.

बाळंतपण झाल्यावर सर्वांचे लक्ष बाळाकडे वळते आणि नेमकी तिथे गफलत होते. वार बाहेर आली तरी आजार त्या क्षणी संपत नाही. दाब बहुधा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत वर चढतो, म्हणजे ती रुग्णालयातून घरी आलेली असते, पाहुणे येऊ लागलेले असतात आणि झोप नसल्यामुळे डोके दुखते असे सगळ्यांनी ठरवून टाकलेले असते. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. म्हणून पहिले दहा दिवस रोज दाब मोजा, गोळ्या डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करा, आणि गर्भारपणातली धोक्याची लक्षणे सहा आठवड्यांपर्यंत तितक्याच गांभीर्याने घ्या. अंगावरून जास्त जाऊ नये म्हणून दिले जाणारे मेथर्जिन हे औषध दाब असलेल्या बाळंतिणीला चालत नाही, हे गावातल्या कोणा डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर आवर्जून सांगा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावणे याला माझी हरकत नाही. बंद खोलीत शेगडीचा धूर मात्र नको. दाबाच्या गोळ्यांपैकी बऱ्याच स्तनपानात चालतात, तेव्हा गोळीसाठी दूध किंवा दुधासाठी गोळी तोडू नये.

सहा आठवड्यांनी दाब आणि लघवी पुन्हा तपासून घ्यावी. बारा आठवड्यांनंतरही दाब उतरला नाही तर तो केवळ गर्भारपणाचा नव्हता असे समजून फिजिशियनकडे जावे लागेल. पुढच्या गर्भारपणात हा आजार पुन्हा होण्याची शक्यता साधारण सहा जणींत एक इतकी असते, आणि ती कमी करण्यासाठी बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री अॅस्पिरिनची अल्प मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात. सोळा आठवड्यांच्या आत सुरू केली तरच तिचा चांगला उपयोग होतो, त्यामुळे आत्ता एकतिसाव्या आठवड्यात कोणी ती सुचवली तर घेऊ नका. मात्र या बाळंतपणाचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि पुढच्या वेळी दिवस गेल्याचे कळताच, पहिल्याच भेटीत, ते डॉक्टरांसमोर ठेवा.